रिसालदाराचे पाच घोडे

मी काकांची चारशे कार्डं तारखेप्रमाणे लावली.

चूक एवढीच. ऐकणाऱ्याला यात चूक कुठली ते कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. उलट एका म्हाताऱ्या माणसावर उपकार करतोय या भावनेनं मी शीळ घालत होतो. लावून झाल्यावर मूळची मळकी, वेड्यावाकड्या मापांची कार्डं मी पिवळ्या झाकणाच्या रिसायकलिंग बिनमध्ये ओतली, झाकण लावलं आणि त्यावर समाधानानं एक थाप मारली. ती थाप मला अजून ऐकू येते.

काका म्हणजे माझे घरमालक. वेलिंग्टनच्या उत्तरेला, जॉन्सनव्हिलमध्ये, उतारावर त्यांचं लाकडी घर होतं. वर काका-काकू, खाली एका खोलीत मी. काका निवृत्त फार्मासिस्ट, काकू निवृत्त नर्स. मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर नुकताच आलेला, आणि बायको अजून तिकडचं आवरत होती. पहिल्या दिवशी किल्ली हातात ठेवण्याआधी काकांनी मला विचारलं, "शिलेदार की बारगीर?"

मी म्हटलं, "देशस्थ."

काकांनी किल्ली पुन्हा खिशात घातली. मग म्हणाले, "फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. तू दुसऱ्याच्या घरात राहणार. म्हणजे कोण?"

"बारगीर."

"शाबास. आत ये."

त्या दिवसापासून मला दुसरं नाव उरलं नाही. काकूसुद्धा वरच्या खिडकीतून ओरडायच्या, "बारगीर, तुझं दूध उतू गेलंय, वर वास येतोय!"

काकांचा जन्म पुण्याचा, नोकरी न्यूझीलंडमधली आणि मुक्काम एकोणिसाव्या शतकातल्या रशियन घोडदळात. तरुणपणी पुण्यात रशियन शिकण्याची एक लाट आली होती, तिच्यात तेही भिजले. पुढे फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत त्यांना एका रशियन पलटणीचा इतिहास सापडला, शेवटची पानं गळालेला. त्यात एक अधिकारी अकरा वेळा येतो आणि अकराही वेळा वाक्याच्या शेपटीला. अमक्यानं हल्ला चढवला, तमक्यानं निशाण जिंकलं, 'आणि हेही तिथे हजर होते.' या हजर असलेल्या माणसाच्या काका प्रेमात पडले. त्याचा हुद्दा उच्चारताना जीभ मुरगळायची, म्हणून ते त्याला रिसालदार म्हणत. रशियाच्या कुठकुठल्या दफ्तरखान्यांना पत्रं लिहून त्यांनी त्याच्या बदल्या, रजा, जखमा, भांडणं जमवली. मराठीत त्याचं चरित्र लिहायचं, हा त्यांचा ध्यास.

"आमचं लग्न ठरलं तेव्हा मला म्हणाले, एक गोष्ट आधीच सांगतो, माझ्या आयुष्यात एक रशियन आहे," काकू सांगायच्या. "मी रात्रभर रडले. नंतर कळलं, मिशीवाला आहे आणि मेलेला आहे. म्हटलं, चालेल."

मिळालेली प्रत्येक माहिती काका औषधांच्या रिकाम्या खोक्यांवर लिहीत. दुकानात खोकं उलगडायचं, कापून सपाट करायचं, आतल्या कोऱ्या बाजूवर पेननं लिहायचं. 'फौजेत वाया काही घालवत नाहीत.' अशी कार्डं बुटांच्या डब्यांत भरून त्यांच्या खोलीतल्या फळीवर ठेवलेली असत. त्या डब्यांना आम्ही पागा म्हणत असू.

स्वतः काका आयुष्यात एकदाच घोड्यावर बसले होते. माथेरानला. तोही उभा घोडा, फोटोपुरता.

त्यांना स्वस्थ बसलेलं मी पाहिलं नाही. उभ्यानं चहा, उभ्यानं जेवण, उभ्यानं टीव्हीवरच्या बातम्या. बोलायला लागले की डेकवर तीन पावलं तिकडे, गर्रकन वळून तीन पावलं इकडे. विमानात बसावं लागतं याचा त्यांना अपमान वाटे. नियम त्यांनी रिसालदाराच्या नावावर खपवलेले होते. आधी घोड्याला पाणी, मग आपला चहा. त्यामुळे रोज सकाळी गाडीच्या काचा धुण्याचं पाणी भरल्याशिवाय ते कपाला हात लावत नसत. घोडदळ मागे चालत नाही. त्यामुळे गाडी कधीही रिव्हर्स घेत नसत. डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, ब्रेड आणायचा तरी सगळ्या टेकडीला वळसा घालून घराशी सरळ तोंडानं येत. वाचून दाखव म्हणायचे आणि मी दुधाच्या बाटलीवरची तारीख वाचू लागलो की ओरडायचे, "मोठ्यानं! घोडदळात हुकूम पुटपुटत नाहीत." समोरच्याकडे नेहमी मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. का, तर "समोरचं गाढवालाही दिसतं. घोडा बाजूनं बघतो."

रिसालदारानं कधी आजारपणाची रजा घेतली नाही, असंही ते अभिमानानं सांगत. चार वेळा घेतल्याचं त्यांच्याच कार्डांवर लिहिलेलं होतं. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "ते सरकारी कागद आहेत. त्यांच्यावर काय विश्वास ठेवायचा!"

एकदा मला बंदरावरच्या टेकडीवर घेऊन गेले. तिथे जुन्या तोफांचे सिमेंटचे कोनाडे आहेत. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी रशियन आरमार येईल या धास्तीनं इथल्या लोकांनी तोफा समुद्राकडे तोंड करून मांडल्या होत्या. रशियन आले नाहीत. काका त्या कोनाड्यासमोर ताठ उभे राहिले आणि समुद्राकडे बघत मराठीत म्हणाले, "आमच्या माणसांमुळे तुम्हाला फार तिष्ठावं लागलं. त्यांच्या वतीनं क्षमा मागतो." शेजारी सँडविच खात बसलेल्या बाईंनी "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत हात हलवला. काकांनी तो शहरानं माफी मंजूर केल्याचा निरोप समजला.

तिष्ठण्याबद्दल त्यांना विशेष आस्था होती. कारण रिसालदाराच्या आयुष्यातली मोठी लढाई तशीच गेली. क्रिमियात त्याची पलटण पहाटेपासून खोगिरावर सज्ज उभी होती. हुकूम येईल, मग उधळायचं. दिवसभर हुकूम आला नाही. संध्याकाळी कुणीतरी येऊन सांगितलं, परत फिरा. अख्ख्या कारकिर्दीत या माणसानं एकदाही हल्ला चढवला नाही.

"मग लिहायचं काय काका त्याच्याबद्दल?"

"हल्ला करणाऱ्यांची चरित्रं ढिगानं आहेत. उभं राहणाऱ्याचं एक असू दे."

आणि तो दिवस कळावा म्हणून एका शनिवारी काका सकाळपासून डेकवर उभे राहिले. दक्षिणेचा बर्फगार वारा असा की वाळत घातलेले टॉवेल आडवे झालेले. मी चहा नेला, नको म्हणाले. खुर्ची नेली, माझ्याकडे असं बघितलं की ती मी परत नेली. दुपारी काकू दारात आल्या. मला वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, "उभेच आहात तर कपडे आत आणा." काका पाय न हलवता हाताला येतील तेवढे टॉवेल काढून देत राहिले. अंधार पडायच्या आत काकूंनीच सांगितलं, "परत फिरा." तेव्हा आत आले.

असा माणूस घरमालक म्हणून मिळाल्यावर माझ्यासारखा चावट प्राणी गप्प कसा बसेल? गणपतीच्या कार्यक्रमात मी स्टेजवर जाऊन काकांची नक्कल केली. कपाच्या कडेवर बोट ठेवून चहा ओततात ती, मान तिरकी करून बघतात ती, "मोठ्यानं वाच" ती. सभागृह लोळलं. पहिल्या रांगेच्या कडेला उभे राहून काका सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. काकू हसत नव्हत्या. मला वाटलं, नर्स माणूस, विनोदाची सवय नसेल.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, इकडच्या हिवाळ्याच्या तोंडावर, काका म्हणाले, "या हिवाळ्यात रिसालदार संपवायचाच. पुढच्याचा भरवसा नाही."

"काय काका, तुम्ही शंभर वर्षं जगाल."

"शंभर जगेन रे. प्रश्न तो नाहीये."

प्रश्न कुठला, हे मी विचारलं नाही. मला त्या क्षणी एक कल्पना सुचत होती, आणि मला कल्पना सुचते तेव्हा कान बंद होतात.

दोघं टौरंगाला मुलीकडे दहा दिवस गेले. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. मी पागा खाली आणली. पाहतो तर नुसता गोंधळ. एका डब्यात खोकल्याच्या औषधाची जाड पुठ्ठ्याची खोकी, दुसऱ्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची लांबट गुळगुळीत, तिसऱ्यात इन्हेलरची चौकोनी, चौथ्यात मलमाच्या ट्यूबची अरुंद, आणि पाचव्यात डोळ्यांत घालायच्या थेंबांची, काडेपेटीएवढी. तारखांना काही क्रम नाही. हा माणूस या हिवाळ्यातच काय, कुठल्याच हिवाळ्यात चरित्र संपवणार नाही! मग मी प्रत्येक कार्डाचा मोबाइलवर फोटो काढला, सगळे एकाच मापाच्या पांढऱ्या जाड कागदावर छापले, कापले, वर लिहिलेल्या तारखेप्रमाणे लावले. वाचत बसलो नाही. फक्त तारखा बघितल्या. आणि टिकावीत म्हणून सगळी लॅमिनेट केली. गुळगुळीत. चारशेच्या चारशे.

त्यांचं विमान सकाळचं होतं. मी कचऱ्याचा दिवस म्हणून बिन खाली रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला आणि टॅक्सी आल्यावर दोघांना थेट टेबलापाशी नेलं. नवे डबे, वर्षांची लेबलं. "सरप्राइज!"

काकांनी डब्यात हात घातला. बोटं कार्डांवरून पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. अंधारात जिना चाचपडणाऱ्या पायासारखी.

"पंचकल्याणी कुठंय?"

"कोण?"

"रिसालदाराचे घोडे पाच, बारगीर. तांबडा कुमैत, काळा, ठिपक्यांचा अबलख, करडा सब्जा आणि शेवटची पंचकल्याणी. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा. माणूस वर्षांनी जगत नाही, घोडा बदलला की त्याचं आयुष्य बदलतं. एकेका घोड्याला एकेक खोकं दिलं होतं मी. कुठायत?"

"आता तारखेप्रमाणे आहे ना काका. बघा किती सोपं."

"वाच."

मी मोठ्यानं वाचलं. चौथ्या कार्डाला त्यांनी थांबवलं. "हा दवाखान्यात भरती झाला, आणि आठ दिवसांनी जखमी झाला?"

मी पुन्हा पाहिलं. तसंच होतं.

"तुझी आई तुझा वाढदिवस तारखेनं करते की तिथीनं?"

"दोन्ही."

"म्हणून तू दोनदा जन्मलास का रे? रशियाचं पंचांग तेव्हा बारा दिवस मागे होतं. मला जिथून जी तारीख मिळाली ती मी लिहिली. ज्याच्या घरात दोन पंचांगं नांदतात त्याला हे कळू नये? जुनी कार्डं आण."

"रिसायकलिंगला टाकली," मी म्हटलं, आणि त्याच वेळी खालून धाडकन आवाज आला.

वेलिंग्टनच्या वाऱ्याला बिन पाडायला निमित्त लागत नाही. खिडकीतून पाहिलं तर बिन आडवा, झाकण उघडं, आणि रिसालदाराचं आयुष्य उतारावरून चौफेर उधळलेलं. त्याला जन्मभर न मिळालेला हल्ल्याचा हुकूम मी दिला होता.

मी जांडल्सवर, म्हणजे रबरी चपलांवरच, धावलो. वर डेकवरून काकू सूत्रं हलवत होत्या. "डेअरीच्या दारात दोन आहेत! अरे डावीकडे! डावा हात माहीत नाही का तुला? कुंपणात बघ, कुंपणात!" कुत्रा फिरवणाऱ्या एका गोऱ्या शेजाऱ्यानं बुटाखाली अडवलेलं खोकं उचललं. रक्तदाबाच्या गोळ्यांचं, म्हणजे दुसऱ्या डब्यातला काळा. त्यानं ते वाचलं, धापा टाकणाऱ्या माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "यू ओके, मेट?" मी म्हटलं, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे सगळं झकास, आणि काळ्या घोड्याला शर्टात कोंबून अबलखाच्या मागे लागलो.

तेवढ्यात काका खाली आले. फुटपाथच्या मधोमध उभे. पाचव्या डब्यातलं एक छोटं पांढरं खोकं सरपटत येऊन त्यांच्या बुटाला टेकलं.

"काका, पायाशी! पंचकल्याणी तुमच्या पायाशी आहे!"

काका खाली वाकले. हात डावीकडे फिरला, उजवीकडे फिरला. खोकं त्यांच्या बोटांपासून वीतभरावर होतं, भर उन्हात, करड्या रस्त्यावर पांढरं. ते मान तिरकी करून बघत होते, नक्कल करताना मी करायचो तशी. वारा आला, खोकं उडालं, झुडपांवरून पलीकडे गेलं. काका तिथेच चाचपत राहिले.

मी उभा राहिलो. काकू जिना उतरून आल्या, काकांच्या कोपराला धरून म्हणाल्या, "उठा." मग माझ्याकडे वळून, "तू गोळा कर. ट्रक येईल. रडायचं ते नंतर."

नंतर स्वयंपाकघरात त्यांनी सांगितलं. डोळ्यांच्या मधोमधची नजर दोन वर्षांपासून जात होती. दर महिन्याला हॉस्पिटलमध्ये डोळ्यात इंजेक्शन घ्यायला जात, आणि मला सांगत, जरा मॉलमध्ये जाऊन येतो. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. म्हणून मान वाकडी, म्हणून कपावर बोट, म्हणून रिव्हर्स नाही. गाडी काकूंनी काही महिन्यांपूर्वी काढून घेतली होती. काकांनी मला सांगितलं होतं की घोडा थकलाय. हल्ली वाचता येत नव्हतं, पण खोक्याला बोट लागलं की त्यांना कळायचं कुठला घोडा, आणि घोडा कळला की पुढचं सगळं आठवायचं.

"या हिवाळ्यात कोपऱ्यातलंही जाईल असं डॉक्टर म्हणालेत," काकू म्हणाल्या.

काका खिडकीशी उभे होते. "अधिकारी स्वतःचं दुखणं वर कळवत नाही," एवढंच बोलले.

मी मोबाइल काढून फोटो पाहू लागलो. पहिल्यांदा पाहत होतो. कुमैत घोड्याच्या कार्डांवर अक्षर मुंगीएवढं, एका खोक्यावर वीस ओळी. अबलखाच्या कार्डांवर ते झुरळाएवढं. पंचकल्याणीवर एका कार्डावर चार शब्द, बोटभर उंचीचे, एकमेकांवर चढलेले. चारशे फोटो मी माझ्या हातानं काढले होते.

काकू माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "त्यांना दिसत नव्हतं, ते समजू शकते," त्या म्हणाल्या. "तुला काय झालं होतं?"

तो हिवाळा माझा शिक्षेचा. चाळीसेक कार्डं वाऱ्यानं नेली होती. मी औषधांच्या दुकानांत जाऊन रिकामी खोकी मागितली, मापं जुळवली, फोटो त्यांवर चिकटवले. खोकल्याचं ते खोकल्याचंच, मलमाचं ते मलमाचंच, एकदा मी इन्हेलरऐवजी भलतंच चौकोनी खोकं वापरलं तर काकांनी ते बोटांत धरून परत दिलं, "हा खेचर आहे." ऑफिसातून आलो की वर जायचो. काका डब्यातून एक कार्ड उचलत, अंगठ्यानं त्याची कड चाचपत आणि डेकच्या दारापासून सिंकपर्यंत येरझारा घालत सांगू लागत. मी टाइप करायचो. थांबलो की, "काय झालं? नाल निखळला?" इंजेक्शनच्या दिवशी सुट्टी. दुसऱ्या दिवशी डोळा लाल, आणि पावलं नेहमीपेक्षा भरभर. मध्येच माझ्याकडे बघायचे आणि नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी पडायची. एक दिवस ती तिथेही पडली नाही. काकांनी येरझारा भिंतीला हात लावून सुरू केल्या. मी टाइप करण्याचा वेग वाढवला.

आता दोघं टौरंगाला मुलीकडेच असतात, आणि त्या घरात वर मी आणि बायको राहतो. तो शेवटचा दिवस मात्र इथल्याच स्वयंपाकघरातला. पाचव्या डब्यात एकच कार्ड उरलं होतं. फुटपाथवर त्यांच्या बोटांना न सापडलेलं तेच. मी चिकटवून केलेलं. काकांनी ते उचललं, चाचपलं. "हे मला आठवत नाही. उशिरा लिहिलं असणार. वाच."

मी मोठ्यानं वाचलं. "घोडीला पाणी पाजलं. निघाला."

"पुढे?"

"पुढे काही नाही काका. एवढंच आहे."

"बरोबर. पुस्तकाची पानं तिथेच गळालीत. डाकचौकीवर थांबला, पंचकल्याणीला पाणी पाजलं आणि निघाला. कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही." मग ते म्हणाले, "लिही तसंच. संपलं."

मी पूर्णविराम दिला. काकांनी हातानं खुर्ची शोधली, ओढली आणि बसले. पाठ टेकून, पाय लांब करून. मी त्या माणसाला पहिल्यांदा स्वस्थ बसलेलं पाहत होतो. काकूंनी ओट्यापाशी पाठमोऱ्या राहून डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवलं. बाहेर वारासुद्धा पडला होता.

मला भरून आलं. या माणसासाठी आणखी काहीतरी करावं असं वाटलं, आणि मला एक कल्पना सुचली.

"काका," मी म्हटलं, "शेवटी एक परिशिष्ट जोडू का? सगळ्या घटना, तारखेप्रमाणे?"

काका हलले नाहीत. काकूंनी गॅस बारीक केला.

"ह्याला कुणीतरी घोड्यावर बसवा," त्या म्हणाल्या, "आणि घोडा सोडून द्या."